अमेरिकेत तटरक्षक दलाने बोट थांबवल्यास
अमेरिकेच्या सागरी हद्दीत तटरक्षक दलाला संशय किंवा वॉरंट नसतानाही खासगी बोटीवर चढून तपासणी करता येते. त्यामुळे इशारा मिळताच वेग कमी करावा आणि अधिकारी सांगतील ती दिशा धरून ठेवावी. बोटीवर शस्त्र असल्यास तसे आधीच सांगावे, मात्र त्याला हात लावू नये. नोंदणीपत्र हाताशी असावे. सर्वाधिक लक्ष लाइफ जॅकेटांकडे द्यावे: प्रत्येकासाठी मापाचे, धड स्थितीतले जॅकेट चटकन हाती येईल असे हवे, आणि बोट चालू असताना डेकवरील 13 वर्षांखालील मुलांनी ते घातलेलेच असावे, मग ती कितीही कुरकुर करोत. समुद्रात संकटाचा इशारा देण्यासाठी पेटवायच्या फ्लेअरची मुदत उत्पादनापासून 42 महिने असते. ती निघण्यापूर्वीच तपासावी. तपासणीचा अहवाल जपून ठेवावा, म्हणजे पुन्हा थांबवले गेल्यास तो दाखवता येतो.