बागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त कसा करावा

आधी रोपं खाणारी गोगलगायच आहे ना, याची खात्री करून घ्या. पानं अळीही कुरतडते, पण ती खाली लेंड्या टाकून जाते. गोगलगाय गेल्यावर पानावर, कुंडीच्या काठावर वाळलेल्या चिकट स्रावाचा चंदेरी पट्टा राहतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तो चटकन दिसतो. पानाच्या मधोमध वेडीवाकडी भोकं पडलेली असतात आणि नुकतं उगवलेलं रोप तर बुंध्यापासूनच गायब होतं. शंख नसलेल्या गोगलगायीही तितक्याच खादाड असतात, त्यांच्यासाठीही उपाय हेच.

पहिलं काम रात्रीचं. अंधार पडल्यावर तास-दोन तासांनी, पाऊस पडून गेला असेल तर नक्कीच, टॉर्च घेऊन बागेत फिरा. पानांची खालची बाजू, कुंडीची कड आणि तळ बघा. सापडेल ती गोगलगाय उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे मात्र हवेतच. काही गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेले सूक्ष्म कृमी असतात आणि ते माणसाच्या पोटात गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून बागेतली पालेभाजीही पान न् पान धुऊनच खावी. गोगलगायीवर मीठ टाकायचा मोह आवरा. ती मरते खरी, पण मीठ मातीत उतरून झाडाच्या मुळांना बाधतं.

दिवसा त्या ओलसर, अंधाऱ्या जागी दडून बसतात. याचाच फायदा घ्यायचा. वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट किंवा दोन खड्यांवर टेकवलेली फळी रात्री ठेवा आणि सकाळी उलटून बघा. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवलं तर आणखी गोळा होतात. पण रोज सकाळी न चुकता उचलायचं, नाहीतर आपणच त्यांना धर्मशाळा बांधून दिल्यासारखं होईल. रिकाम्या कुंड्या, विटांचे ढीग, कुजकी पानं हटवलीत तर लपायला जागाच कमी उरते.

अंड्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. बागेत सापडणाऱ्या बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात, म्हणजे त्यातली कुठलीही अंडी घालू शकते. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका खेपेला शंभराहून जास्त अंडी घालते. कुंडीच्या कडेची किंवा दगडाखालची दोन-चार सेंटीमीटर माती खुरप्याने हलवा. पांढरट-पिवळसर गोल दाण्यांचा झुबका दिसला की तो काढून साबणाच्या बादलीतच टाका. वाफा रिकामा असेल तेव्हा माती उकरून कडक उन्हात तापू द्या, उरलेली अंडी सुकून जातील.

पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला. रात्री माती वरून कोरडी राहिली की त्यांना सरपटणं जड जातं. फुकटात होणारा हा सगळ्यात चांगला उपाय.

आता गोगलगायींना अडवायला बरेच जण रोपाभोवती लावतात ती कोंबडीच्या अंड्याची टरफलं आणि तांब्याची पट्टी. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसच्या रोपांवर हे दोन्ही तपासून पाहिलं. नुकसान काही कमी झालं नाही. टरफलं खुशाल खतात टाका. कोवळ्या रोपासाठी दोन्ही टोकं कापलेली प्लॅस्टिकची बाटली मातीत थोडी रोवून त्याभोवती बसवणं बरं, फक्त आत एखादी आधीच अडकलेली नाही ना, ते बघा.

एवढं करूनही हाताबाहेर गेलं, तरच औषधाकडे वळा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकतात. घरात प्राणी किंवा लहान मुलं असतील तर नकोच. त्यापेक्षा आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या बऱ्या, पण त्याही मुलांच्या हाती लागू देऊ नका. वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात, संध्याकाळी ओलसर मातीवर विरळ पसरा. ढीग घालू नका. या गोळ्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं थांबवते आणि आडोशाला जाऊन काही दिवसांत मरते, त्यामुळे मेलेल्या फारशा दिसत नाहीत. दिसल्या नाहीत म्हणून लगेच दुसरा डोस टाकू नका. नव्या पानांना भोकं पडायची थांबली का, तेवढं बघा.