चीनमधी 'वाघ पकडला' अशी बातमी आली तर ती वाचायची कशी

परवा पानठेल्यावर एक भाऊ खर्रा घोटता घोटता म्हणे, चीनसारखं पाहिजे बाप्पा, मंत्री असला तरी सरळ आत, अन् आपल्या इथं सातबाऱ्यासाठी पैसे घेणारा सस्पेंड होते, मंग सहा महिन्यानं हजर. त्याचा राग मले समजते, पण तिकडं 'वाघ' म्हणजे मोठा भ्रष्ट साहेब पकडल्याची बातमी वाचायची पद्धत चुकून राहिली ना.

पहिले पकडलं कोणी ते पाहा. आपल्याकडं एसीबीचा (लाचलुचपत खात्याचा) ट्रॅप असला तर तक्रारदार असते, पंच असते, नोटांना पावडर लावतात, साहेबाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. मंग कोर्ट, वकील, पेपर, विरोधी पार्टीचं बोंबलणं (निकाल कधी लागते ते सोडा). चीनमधी सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षातल्या मोठ्या माणसाले पक्षाचाच शिस्त आयोग उचलते, अन् २०१८ पासून त्याच्या जोडीला पर्यवेक्षण आयोग आहे, तो वकील भेटू न देता महिनोन्महिने ठेवते. हे दोघं बी जबाब कोणाले देतात तर पक्षालेच, म्हणजे ग्रामपंचायतीचं ऑडिट सरपंचाच्या ओसरीत बसून.

पहिल्या दिवशी फक्त 'शिस्त आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन' एवढंच छापून येते, किती खाल्लं ते नाही. पुढं पक्षातून काढला अन् पदावरून बी काढला असं आलं की समजा झालं काम, कोर्टात सुटणं जवळपास नसतेच.

आता खरी गोष्ट. गेलेला माणूस कोणाचा होता, अन् खुर्ची कोणाले भेटली? झोउ योंगकांग नावाच्या मोठ्या नेत्याच्या हातात पोलीस, कोर्ट सगळं होतं, शी जिनपिंग २०१२ मधी पक्षाचे सरचिटणीस झाले अन् याले २०१५ मधी जन्मठेप. खाल्लं नसेल असं मी म्हणत नाही, पण खाणारा काय तो एकटाच होता? सुन झेंगचाईचं नाव पुढचा नेता म्हणून चालू होतं, २०१७ मधी पक्षाच्या अधिवेशनाच्या तीन महिने आधी पदावरून गेला. अन् २०१८ च्या मार्चात राष्ट्राध्यक्षाची दोन टर्मची अटच उठली. सगळ्याईनं थोडंफार खाल्लेलं असते तेव्हा ज्याच्याजवळ फाईली तो मालक.

नाटकच आहे असं बी नका धरू, माश्या म्हणजे खालचे साहेब लाखोंनी गेले, लोकायले तेच आवडते, कारण रोज छळणारा तोच.

पटत नसल तर व्हिएतनाम पाहा. तिथं 'धगधगती भट्टी' नावाची भ्रष्टाचाराविरोधी मोहीम, २०२३ मधी एका राष्ट्राध्यक्षाचा राजीनामा, २०२४ मधी दुसऱ्याचा, मंग त्या खुर्चीवर 'तो लाम' नावाचा माणूस बसला, ज्याच्या पोलीस खात्यानं चौकश्या केल्या तोच मंत्री, अन् ऑगस्टात पक्षाचा सरचिटणीस बी तोच.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणे, मंग माह्या सातबाऱ्याचं काय? म्हटलं १०६४ लाव एसीबीले, पण आधी तोंडातला खर्रा थुंक, नाहीतर तिकडच्याले काही समजणार नाही.