निर्णय मीटिंगमध्ये होत नसतो तेव्हा

निर्यात विभागात लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. जपानमधल्या एका खरेदीदाराशी व्हिडिओ कॉल होता. विषय पंपांच्या सुट्या भागांचा, वर्षभराच्या पुरवठ्याचा. मी आमचा दर सांगितला आणि पलीकडे सगळे गप्प झाले. स्क्रीनवर चार माणसं होती. दोघं समोरच्या कागदाकडे बघत होते, एकाने डोळे मिटले होते. आठ-दहा सेकंद गेले असतील. मला वाटलं, दर जड वाटला. मी घाईने म्हणाले, "वर्षभराची ऑर्डर असेल तर तीन टक्के कमी करता येतील." पुन्हा तेवढीच शांतता. मग त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी मान हलवली आणि पॅकिंगबद्दल प्रश्न विचारला.

कॉल संपल्यावर आमच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "त्यांनी दराबद्दल काही म्हटलं होतं का?" नव्हतं म्हटलं. ते फक्त विचार करत होते. ती तीन टक्के सूट कुणी न मागता मी देऊन टाकली आणि करार संपेपर्यंत ती तशीच राहिली.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सुरुवातीला सगळेच शिष्टाचाराच्या याद्या पाठ करतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, भेटवस्तू म्हणून घड्याळ चीनमध्ये देऊ नये, कोरियात कुणाचं नाव लाल शाईने लिहू नये. हे माहीत असावंच, पण अशा चुका पाहुण्याला माफ असतात. माफ होत नाही ते दुसरंच: समोरच्या संस्थेत निर्णय कुठे होतो, कोण घेतं आणि कधी घेतं हे न कळणं. माझ्या मते संस्कृतीचा धंद्यावर सगळ्यात खोल परिणाम इथेच होतो.

जपानचंच घ्या. तिथे 'नेमावाशी' असा शब्द आहे. मूळ अर्थ बागकामातला: झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी काही काळ त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करायची. कंपनीतही तेच. प्रस्ताव बैठकीत येण्याआधी उत्पादन, गुणवत्ता, खरेदी, हिशेब अशा प्रत्येक विभागातल्या माणसाशी वेगवेगळं बोलून झालेलं असतं. मग 'रिंगीशो' नावाचा प्रस्तावाचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो आणि प्रत्येकजण त्यावर आपला शिक्का उमटवतो. 2020 मध्ये जपानी सरकारने सरकारी कामकाजातले हे शिक्के कमी करायची मोहीम काढली, बऱ्याच ठिकाणी कागदाऐवजी आता संगणकावर मंजुरी मिळते, पण फिरून येण्याची रीत टिकून आहे. बैठक भरते तोवर निर्णय जवळजवळ झालेला असतो. अशा बैठकीत जाऊन तुम्ही कितीही प्रभावी बोललात तरी मुळं खणायची वेळ टळून गेलेली असते.

हे समजल्यावर मी पद्धत बदलली. कॉलच्या दोन आठवडे आधी त्यांच्या गुणवत्ता विभागातल्या इंजिनिअरला तपासणीचा अहवाल पाठवायचा, खरेदीवाल्यांना दरांचा तक्ता स्वतंत्र पाठवायचा, आणि कुणाची शंका आली की त्यालाच उत्तर द्यायचं, सगळ्यांना सीसी करून नाही. पहिल्या ऑर्डरला पाच महिने लागले. या काळात आमच्याकडे सगळे वैतागले होते. पण एकदा होकार आल्यावर काम ज्या वेगाने सरकलं ते बघण्यासारखं होतं. कुणाची मंजुरी राहिलेली नव्हती, मध्येच कुणी नवा मुद्दा काढला नाही. जिथे एकटा मॅनेजर पहिल्याच कॉलवर "डन" म्हणतो, तिथे त्याच्या कायदा विभागाने पुढे तीन महिने अडवल्याचंही मी पाहिलं आहे.

नकाराचंही तसंच. 'केन्तो शिमासु' म्हणजे 'विचार करतो'. पुढे तारीख किंवा प्रश्न आला तर खरंच विचार चालू असतो. काहीच आलं नाही तर बहुतेक वेळा तो भिडेखातर दिलेला नकार असतो. आणि बोलताना येणारं 'हाय', म्हणजे जपानीतलं 'हो', हे प्रत्येक वेळी संमती नसते. 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. माझ्या आधीच्या एका सहकाऱ्याने अशा 'हाय'वर विसंबून कच्चा माल मागवला होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 मध्ये याची एक मांडणी केली. काही समाजांत अर्थ शब्दांत कमी आणि प्रसंगात, नात्यात, न बोललेल्यात जास्त असतो. काहींत जे आहे ते शब्दांतच असतं. जर्मनी, नेदरलँड्स दुसऱ्या टोकाकडचे. जर्मन ग्राहकाची मला आलेली पहिली ईमेल तीन ओळींची होती: ड्रॉइंगमध्ये तीन चुका आहेत, त्या अशा, सुधारून गुरुवारपर्यंत पाठवा. मला ते फार लागलं. दोन दिवस मी मनात उत्तरं जुळवत होते. नंतर लक्षात आलं की त्या माणसाने आमचं ड्रॉइंग रेघ न् रेघ तपासलं होतं, तेही स्वतःचा वेळ घालून. त्याच्या दृष्टीने कामाचा मान राखणं ते हेच. अशा ठिकाणी गोलमोल उत्तर दिलंत तर तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटतं. "हे आम्हाला जमणार नाही, पण हे जमेल" असं सरळ लिहा, त्याने संबंध बिघडत नाहीत.

कागदावरचे आकडेही संस्कृतीतूनच येतात हे मी जर्मनीमुळेच शिकले. आम्ही नमुन्यांचं एक छोटं पार्सल पाठवलं आणि पॅकिंग लिस्टमध्ये वजन 1.250 किलो लिहिलं, म्हणजे सव्वा किलो. तिथे टिंब हजार वेगळे करायला वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. त्यांच्या गोदामाने साडेबाराशे किलोच्या मालासाठी जागा रिकामी करून ठेवली. तेव्हापासून मी वजन लिहिताना हजाराचं कोणतंही चिन्ह घालत नाही आणि दशांश असेल तर शेजारी ग्रॅममध्येही देते. तारखेचंही तसंच: 05/06 ही अमेरिकेत 6 मे, युरोपात बहुतेक ठिकाणी 5 जून. आयएसओ 8601 हे प्रमाण 1988 पासून आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तेच वापरा, किंवा महिना अक्षरी लिहा. नावांचीही खात्री करून घ्या. चीन, कोरिया, हंगेरीत आडनाव आधी येतं. स्पेनमध्ये दोन आडनावं असतात आणि हाक मारताना सहसा पहिलं वापरतात.

कॅलेंडरबद्दल थोडक्यात, कारण हे कुणीही भिंतीवर लावू शकतो. सौदी अरेबियात 2013 पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या केंद्र सरकारने 2022 पासून शनिवार-रविवार केली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून चालू नका. चिनी नववर्षाच्या सरकारी सुट्टीपेक्षा कारखाने जास्त दिवस बंद राहतात, कारण कामगार दूरच्या गावी गेलेले असतात. तो वेळ डिलिव्हरीच्या हिशेबात आधीच धरा.

कराराकडे बघण्याची दृष्टी मात्र नीट समजून घ्यायला हवी. काही ठिकाणी सही झाली म्हणजे बोलणी संपली. काही ठिकाणी सही म्हणजे आता आपण एकमेकांचे झालो, पुढे अडचण आली तर बसून मार्ग काढू. चीनमध्ये सहीसोबत कंपनीचा अधिकृत लाल शिक्का आहे का हे पाहिल्याशिवाय करार फाईलला लावू नका. सौदी अरेबियातल्या करारात उशिराच्या पैशांवर व्याजाचं कलम आपण सवयीने टाकतो, पण शरियतमध्ये व्याज निषिद्ध आहे आणि तिथली न्यायालयं असं कलम सहसा मानत नाहीत. तिथे ॲडव्हान्स, बँकेची हमी किंवा एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिल्यावर पैसे देण्याचं खरेदीदाराच्या बँकेचं वचन) यांवर भर द्यावा लागतो. म्हणजे संस्कृती फक्त वागण्यात नसते, पैसे कसे वसूल होतील तेही ती ठरवते.

शांततेबद्दल कायदा काय म्हणतो हे कळलं तेव्हा मला तो पहिला कॉल आठवला. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1980 मध्ये व्हिएन्नात झाला आणि 1988 मध्ये अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की गप्प राहणं किंवा काहीच न करणं ही केवळ तेवढ्याने स्वीकृती ठरत नाही. शांतता म्हणजे नकार नव्हे आणि होकारही नव्हे. त्यामुळे मी कॉल संपल्यावर त्याच दिवशी काय ठरलं, काय ठरायचं राहिलं, हे पाच-सहा ओळींत लिहून पाठवते आणि खाली विचारते, "यात काही चुकलंय का?" जी गोष्ट चारचौघांत बोलायला माणूस संकोचतो ती इथे लिहून कळवतो.

या विषयावर वाचायला बसलात की डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड हे नाव येणारच. आयबीएमच्या जगभरातल्या कर्मचाऱ्यांकडून 1967 ते 1973 या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर त्यांची मांडणी उभी आहे. सत्तेतलं अंतर, अनिश्चिततेची भीती, एकट्याचा विचार की समूहाचा, अशा मोजपट्ट्या त्यांनी दिल्या. प्रश्न विचारायला शिकण्यासाठी त्या उत्तम आहेत. पण ती एकाच कंपनीतली माणसं होती आणि आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेला माणूस सरासरी नसतो.

प्रत्येक अपयश संस्कृतीच्या नावावर टाकू नका, हेही सांगायला हवं. अमेरिकेतली दुकानांची साखळी वॉलमार्ट 1997 मध्ये जर्मनीत उतरली आणि 2006 मध्ये 85 दुकानं विकून बाहेर पडली. हसून स्वागत करणारे कर्मचारी तिथल्या ग्राहकांना खटकले, हा किस्सा सगळीकडे सांगतात. पण आल्डी आणि लिडल या तिथल्या स्वस्त दुकानसाखळ्यांचे दर, खरेदीच्या किमतीपेक्षा कमी दरात विकण्यावरची बंधनं, हेही तितकंच खरं होतं.

आणि एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. "इकडे असंच चालतं" म्हणून कुणी पाकीट सुचवलं तर ती संस्कृती नव्हे. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं अमेरिकेने 1977 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं, ब्रिटनचा 2010 चा कायदा तर काम लवकर व्हावं म्हणून दिलेले किरकोळ पैसेही सोडत नाही. भेटवस्तू द्यायची असेल तर त्या कंपनीचा नियम आधी विचारा, आपल्या कंपनीत नोंद करा. नव्या माणसाला बाजूला घेऊन असं सुचवलं जातं, कारण तो गोंधळतो. अशा वेळी वरिष्ठांना लगेच, लेखी कळवा.

मी प्रत्येक ग्राहकासाठी वहीचं एक पान ठेवते. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, गप्प बसणाऱ्याने नंतर काय विचारलं, निर्णय कुणाच्या टेबलावर थांबला, किती दिवस थांबला. देशाचं नाव पानाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत, माणसाचं नाव मोठ्या. गेल्या वर्षी एका नव्या जर्मन ग्राहकाच्या पानावर मी सवयीने 'थेट मुद्द्यावर' असं आधीच लिहून ठेवलं होतं. ते गृहस्थ प्रत्येक वेळी फोन करतात, पहिली पंधरा मिनिटं मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलतात आणि दराचा विषय अगदी शेवटी, जाता जाता काढतात. ती ओळ खोडून शेजारी लिहिलंय: 'फोनला अर्धा तास ठेवावा. घाई करू नये.'