स्प्रे गन धुताना या चुका टाळा

आपल्या सोलापुरात एप्रिल लागला की पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळीशीच्या पुढं, आणि अशात टूके क्लिअर (घट्ट करणारं हार्डनर मिसळून गाडीवर मारायचा वरचा पारदर्शक थर) मारून झाल्यावर "चहा पिऊन येतो मग धुतो" म्हणत गन हुकाला अडकवली की संपलं. हार्डनरच्या डब्यावर मिसळलेला माल वापरायचा जो टाइम लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा 20 डिग्रीच्या आसपासचा असतो, आपल्याकडं माल त्याच्या कितीतरी आधी घट्ट होतो, आणि एकदा गनमध्ये बसला की मग थिनर काय नि फिनर काय, विरघळतच नाय.

दुसरं म्हणजे अख्खी गन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवायची सवय. ही सगळ्यात वाईट. आतले वॉशर-पॅकिंग फुगतात, हवेच्या वाटेत रंगाचं पाणी शिरतं आणि ते पुढच्या गाडीच्या बोनेटवर ठिपके होऊन बाहेर येतं, मग गिऱ्हाइकाची बोलणी खा. भिजवायचंच तर एअर कॅप (पुढची हवेच्या भोकांची टोपी) आणि नोझल (रंग बाहेर पडतो ते तोंड) काढून तेवढंच भिजवा, बॉडी ब्रशनं नि फडक्यानं पुसा, तोंड खाली धरून.

खोलताना आधी निडल (नोझलचं भोक बंद करणारी आतली सुई) काढा मग नोझलला पाना लावा. उलटं केलं तर निडल घासते, आणि ट्रिगर सोडला तरी थेंब गळत राहतो.

एअर कॅपची भोकं तारेनं, टाचणीनं कोरू नका की ओ! भोक एका बाजूनं जरा जरी मोठं झालं तर फॅन (फवाऱ्याचा पसरणारा पट्टा) कायमचा वाकडा, त्याला दुरुस्ती नाही, कॅपच बदला. लाकडी टूथपिक किंवा किटमधला बारका ब्रश बास होतो.

फॅन केळ्यासारखा येतोय? कॅप अर्धा फेरा फिरवून पेपरवर मारून बघा. वाक दुसऱ्या बाजूला गेला तर घाण कॅपमध्ये, तिथंच राहिला तर नोझल बघा. गन थुंकत असेल, म्हणजे फवारा तुटक येत असेल, तर कपाच्या झाकणाचं हवेचं भोक तपासा, ते रंगानं बुजलेलं असतं आणि कुणाचं लक्षच नसतं. कपात बुडबुडे येत असतील तर नोझल ढिलं आहे किंवा नीट बसलेलं नाही.

शेवटी निडलच्या पॅकिंगला एक थेंब गनचंच ल्यूब (वंगण). सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये आणूच नका, फिश आय (रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे) पडतात. आणि ल्यूब बरोबर असून पण पडत असतील तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा, फिल्टरमध्ये तेल उतरलंय का तेही बघा, पावसाळ्यात तर रोज.