बीच क्लीनअपला जाताय? आधी भरती-ओहोटीची वेळ बघा

ओहोटी लागली की उतरायचं, म्हणजे दोन-तीन तास निवांत मिळतात. कचऱ्यासाठी सगळा किनारा पालथा घालायची गरज नाही, भरतीचं पाणी जिथवर येऊन गेलंय तिथे शेवाळ नि काड्यांची एक रेघ पडलेली असते, बाटल्यांची झाकणं, स्ट्रॉ, सिगारेटची थोटकं, थर्माकोलचे दाणे सगळं त्यातच अडकलेलं सापडतं. ५ मिमीपेक्षा बारीक तुकडे म्हणजे मायक्रोप्लास्टिक, ते हाताने वेचत बसलात तर दिवस जाईल, वाळू सुकी असेल तर सरळ चाळणी मारा. शेवाळ मात्र तिथेच ठेवा, बारीक जीव त्यात राहतात नि पक्षी तेच टिपून खातात (फोटोत किनारा चकाचक दिसावा म्हणून लोक तेही उचलतात, कशाला?).

हातमोजे जाडच हवेत. सुई-सिरिंज चिमट्याने उचलून टणक डब्यात टाका, पिशवीत नाही. रुतलेलं जाळं ओढू नका, आत काही जिवंत अडकलंय का बघा, मग वर आहे तेवढंच कापा. सीलबंद ड्रम दिसला तर लांब राहून प्रशासनाला कळवा.

आणि पोती उचलायला गाडी कोण पाठवणार हे आदल्या दिवशीच पक्कं करा, नाहीतर पुढच्या भरतीला सगळं परत पाण्यात.