आधी मोरीला नंबर द्या: कोकणातल्या रस्त्यांची माहिती कशी ठेवावी

कोकणात रस्ता बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने, आणि पाण्याची वाट मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या नळातून किंवा छोट्या बांधीव वाटेतून, जाते. म्हणून बांधकाम उपविभागाची रस्त्यांची माहिती नीट लावायला घ्याल तेव्हा सुरुवात डांबरापासून नको, मोऱ्यांपासून करा. एप्रिल-मे महिन्यांत, ओढे कोरडे असताना, रस्ता चालत जाऊनच.

प्रत्येक मोरीला एक कायमचा क्रमांक द्या. 'कि.मी. १२/४००' हा क्रमांक नव्हे, तो पत्ता आहे, आणि पत्ता बदलतो. एखादे वळण सरळ केले, गावाबाहेरून रस्ता काढला, की पुढचे सगळे चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, सरकते. राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला, चौपदरीकरणात ठिकठिकाणी त्याची आखणीही बदलली. जुन्या फायलीतल्या चेनेजवरून तिथली मोरी आज जागेवर सापडेलच असे नाही. दर्जा वाढून 'इतर जिल्हा मार्गा'चा 'प्रमुख जिल्हा मार्ग' झाला, तरी हाच घोळ. त्यामुळे क्रमांकात रस्त्याचे नाव, दर्जा, किलोमीटर काहीच गुंफू नका. 'मो-००४१७' एवढे पुरे. आधी अक्षर असले की एक्सेल पुढची शून्ये खात नाही. मोरी पाडून नवी बांधली तर नवीला नवा क्रमांक द्या. जुना 'रद्द' म्हणून राहू दे, पुन्हा वापरू नका. चेनेज वेगळ्या रकान्यात घाला आणि ते कोणत्या वर्षीच्या मोजणीचे, हे त्याच्या शेजारी लिहा.

जागा अक्षांश-रेखांशात, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत नोंदवा. पाचवे स्थळ म्हणजे सुमारे १ मीटर. घाटात किंवा दाट झाडीखाली मोबाइल सुरुवातीला भलतीच जागा दाखवतो, म्हणून थोडे थांबून अचूकतेचा आकडा स्थिरावू द्या. रत्नागिरी जिल्ह्यात अक्षांश साधारण १६ ते १८ च्या दरम्यान आणि रेखांश ७३ च्या घरात असायला हवा. दोन्हींची अदलाबदल झाली की मोरी नकाशावर थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात दिसते.

आता गाळ. 'मोरी चोकअप' ही नोंद नव्हे, तक्रार आहे. गाळामुळे नळाचा तळ दिसत नाही, म्हणून माप वरून घ्या: नळाच्या माथ्यापासून गाळापर्यंतची रिकामी उंची मोजा आणि ती व्यासातून वजा करा. ९०० मिमीच्या नळात ६०० मिमी रिकामे असेल तर गाळ ३०० मिमी, म्हणजे पाण्याची सुमारे २९ टक्के वाट बंद. पाणी आत शिरते ते वरचे तोंड आणि बाहेर पडते ते खालचे तोंड, दोन्हीकडे मोजा. झावळ्या आणि पालापाचोळा वरच्या तोंडाशी अडकतो, तेव्हा एकीकडचे माप फसवते. गाळ नसेल तर ० लिहा. मोरी पाहिलीच नसेल तर रकाना रिकामा ठेवा. या दोन्हींत गल्लत झाली की न पाहिलेली मोरी कागदावर साफ होऊन बसते.

दोन्ही तोंडांचे फोटो मोजपट्टी धरून काढा आणि नाव असे द्या: 'मो-००४१७_२०२५-०५-१४_वरचे'. वर्ष आधी लिहिले की फायली आपोआप तारखेने लागतात, ७ ऑगस्ट की ८ जुलै हा वादही राहत नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागेची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एकूण लांबी ६ मीटरपेक्षा जास्त असेल तर तो पूल. त्याची वही वेगळी. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. पुलाच्या पायाजवळची खोली पावसाआधी आणि पावसानंतर, त्याच खुणेपाशी मोजा. एका वर्षाच्या आकड्यातून काही कळत नाही. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की पाया उघडा पडतो आहे का, ते दिसते.

दरडीची नोंद पावसाशी जोडताना चूक होते ती तारखेची. २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. २२ तारखेच्या आकड्यात २१ च्या सकाळपासूनचा पाऊस असतो. म्हणून दरडीची तारीखच नव्हे, वेळही लिहा.

जुन्या याद्या युनिकोडमध्ये नसलेल्या फाँटमध्ये असतील तर आधी त्या बदला, नाहीतर गावाचे नाव शोधून सापडत नाही. गावाचा शासकीय कोड नावाशेजारी हवाच. 'बौद्धवाडी', 'गुरववाडी' गावोगाव आहेत. डांबरीकरणाच्या नोंदीत काम पूर्ण झाल्याची तारीख, दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपण्याची तारीख आणि मोजमाप पुस्तकाचे (झालेल्या कामाची मापे लिहायच्या सरकारी वहीचे) पान द्या. हे नसले की ठेकेदाराने भरायचा खड्डा सरकारी पैशाने भरला जातो.

प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुरात तळमजल्यावरचा संगणक आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकदमच जातात. मे महिन्यात बाहेरगावची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून 'मो-००४१७' फोटोंसकट सापडते का, ते पाहा.