वीजबिल कशाने वाढलं? मीटरकडूनच असं काढून घ्या उत्तर

बिल वाढलं की घरात पहिला आळ येतो एसीवर, नाहीतर मुलांच्या टीव्हीवर. मे महिन्यात एसीने बिल वाढवलं हे सांगायला कुणी लागत नाही. कोडं पडतं ते एसी नसलेल्या घरात दोनशे युनिटचे तीनशे होतात तेव्हा. अशा वेळी एकमेकांवर ओरडण्यापेक्षा मीटर वाचावा. कागद-पेन, मोबाइलमधलं घड्याळ आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं.

आधी बिल वाचा, पण रुपये सोडून

रकमेत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, 16 टक्के वीज शुल्क आणि कधी मागची थकबाकीही मिसळलेली असते. त्यामुळे रक्कम वाढली म्हणजे वापर वाढलाच असं नाही. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि वापरलेले युनिट एवढंच पाहा. बिल किती दिवसांचं आहे तेही मोजा. रीडिंग घ्यायला आलेला माणूस कुलूप पाहून परत गेला असेल तर सरासरीने बिल येतं आणि खरा हिशोब पुढच्या बिलात एकदम अंगावर येतो. तुलना गेल्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.

टप्पेही लक्षात घ्या. घरगुती वापराचे दर 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. पहिल्या शंभरानंतरचं प्रत्येक युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं. म्हणून 95 चे 130 युनिट झाले की वापराच्या मानाने बिल फार जास्त फुगतं, आणि मीटर बिघडल्याची शंका येते.

युनिट खरंच वाढले असतील तर पुढे चला.

सगळं बंद करून मीटर पाहा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तो टिपून घ्या.

आता घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, सगळं. मेन स्विच मात्र चालू ठेवा. पाच मिनिटं मीटरसमोर थांबा. दिवा लुकलुकायचा थांबला तर वायरिंग ठीक आहे.

थांबला नाही तर मेन स्विचही बंद करा. त्यानंतर दिवा थांबला, तर घरात काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी वीज गळतेय. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून हे होतं आणि त्याने शॉकही बसू शकतो, त्यामुळे परवानाधारक इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा. मेन बंद करूनही मीटर पळत असेल तर मीटर आणि तुमच्या बोर्डाच्या मधल्या वायरवर कुणाची तरी जोडणी असू शकते. जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत जिन्यातला दिवा किंवा सामाईक पंप एखाद्याच्याच मीटरवर जोडलेला सापडतो.

एकेक वस्तू लावून मोजा

सगळं बंद असताना एकच वस्तू चालू करा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. 60,000 ला मीटरवरच्या आकड्याने भागा आणि आलेल्या संख्येने लुकलुकणं गुणा, की वॉट मिळतात. 3200 च्या मीटरला ही संख्या 18.75 येते. मिनिटाला चार वेळा लुकलुकला तर 75 वॉट, म्हणजे एक जुना सीलिंग फॅन. गिझरला दिवा मोजता येणार नाही इतका भराभर लुकलुकतो. त्याच्यासाठी आंघोळींच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहा.

मग वॉटला रोजच्या तासांनी गुणून हजाराने भागा, की रोजचे युनिट मिळतात; महिन्यासाठी त्याला तीसने गुणा. इथेच डोळे उघडतात. 750 वॉटचा मिक्सर कानठळ्या बसवतो, पण दिवसातून दहा मिनिटं चालला तर महिन्याला जेमतेम चार युनिट घेतो. 75 वॉटचा पंखा पंधरा तास चालला तर महिन्याचे 34 युनिट होतात, आणि घरात असे तीन पंखे असले की शंभर युनिट झालेच. साधारण 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा महाग वाटतो, पण ज्या खोलीत पंखा जास्त वेळ फिरतो तिथे तो लावाच असं मी सांगेन.

ज्यांच्यावर संशय येत नाही ते

फ्रिज मिनिटभरात मोजता येत नाही, कारण कॉम्प्रेसर मधेमधे बंद होतो. दिवसभर बाहेर जाणार असाल तेव्हा फक्त फ्रिज चालू ठेवा आणि जाताना-येताना रीडिंग लिहा. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला 365 ने भागून पडताळा. उन्हाळ्यात थोडा फरक पडेल, पण दुप्पट-तिप्पट वापर निघाला तर दाराचं रबर पाहा. दारात कागद धरून दार लावा. कागद अलगद ओढून निघाला तर तिथून गारवा जातोय. रबर बदलणं स्वस्तात होतं.

इन्व्हर्टरकडे तर कुणी पाहतच नाही. दिवसभरात वीज एकदाही गेलेली नसताना, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, त्याने अगदी थोडी वीज घ्यायला हवी. तेव्हाही तो सतत 100 वॉट खेचत असेल तर महिन्याला 72 युनिट नुसते बॅटरी तापवण्यात जातात. बॅटरीत वरचेवर पाणी घालावं लागत असेल तर शंका आणखी पक्की.

गिझरचं गणित सोपं आहे. थंडीत एक बादली कढत पाण्याला साधारण अर्धा युनिट लागतो. चौघांच्या घरात रोज दोन-अडीच युनिट ठीक, चार-पाच लागत असतील तर थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावर गिझर बंद करणारा भाग) तपासून घ्या. बोअरवेलचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसलेत का तेही पाहायला सांगा. गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल तर तोही बिलात दिसतो.

पंपाचं दुखणं वेळेवरून कळतं. टाकी आधी वीस मिनिटांत भरायची आणि आता चाळीस लागतात, तर फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गळतोय किंवा मोटरला जोर देणारा कपॅसिटर कमजोर झालाय. एक एचपीचा पंप तासाला सुमारे एक युनिट घेतो.

सेट-टॉप बॉक्सला टीव्ही बंद असतानाही वीज लागते. दहा वॉट धरले तरी महिन्याचे सात युनिट होतात. रात्री बोर्डावरूनच बंद करा.

तरीही हिशोब जुळला नाही तर

आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा फोटो काढा. सगळ्या वस्तूंच्या रोजच्या युनिटची बेरीज आणि मीटरवरचा फरक यांत थोडं मागेपुढे होणारच. पण सगळी बटणं बंद असताना मीटर स्थिर आणि वस्तू चालू केल्यावर मात्र बेरजेच्या दीडपट पळत असेल, तर मीटर तपासणीचा अर्ज करा. महावितरण असो वा मुंबईतली बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, शुल्क भरून मीटर तपासून घेता येतो. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका. सील तुटलेलं दिसलं तर तक्रार तुमच्यावरच उलटते. अर्जाला ते फोटो आणि वस्तूंची यादी जोडा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, तिथेही हीच नोंदवही लागेल.